ही गाडी मी नेणार नाही

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. साताऱ्याकडून मुंबईच्या दिशेने निघालेला एक ट्रक कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडला, नवले पुलाच्या उताराला लागला आणि समोर येईल त्या गाडीला धडकत सुटला. एकूण ४८ गाड्या. पहिल्या तासाभरात सगळ्यांच्या फोनवर एकच शब्द फिरत होता : ब्रेक फेल. नंतर तपासात निघालं की ब्रेक शाबूत होते. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती. तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ ला, याच उतारावर पुन्हा एक ट्रक सुटला. आग लागली, किमान आठ माणसं गेली. आणि पुन्हा पहिल्या तासात तोच शब्द.

मी कराडच्या बाजूचा, नोकरीला पुण्यात. हा उतार महिन्यातून दोनदा उतरतो. त्यामुळे ‘ब्रेक फेल’ हा शब्द ऐकला की मला दोन गोष्टी खटकतात. पहिली इंजिनिअरची : ब्रेक सहसा अचानक फेल होत नाहीत. लायनर झिजतात, हवेचा पाइप हळूहळू गळायला लागतो, पॅडल रोज थोडं जास्त खाली जातं. आणि दुसरी साधी माणसाची : म्हणजे हे आधी कुणाला तरी माहीत असणार. पॅडलवर ज्याचा पाय असतो त्याला तर नक्कीच. मग तो ‘ही गाडी मी नेणार नाही’ असं का म्हणत नाही? की म्हणतो, पण आपल्याला ऐकू येत नाही?

या प्रश्नाच्या मागे लागून मी गेले काही महिने मिळेल ते वाचतोय. कायदे, निकाल, जुन्या बातम्या. ‘कामगारांनी काम नाकारलं’ हा इतिहास आपल्याकडे भरपूर लिहिला गेलाय, पण तो गिरणीचा, रेल्वेचा, बंदराचा. ट्रक ड्रायव्हर त्यात जवळजवळ नाहीच. ‘ट्रकचा संप’ म्हणून जे छापून येतं ते बहुतेक वेळा गाडीमालकांचं चक्का जाम असतं. मागण्या टोलच्या, डिझेलच्या, विम्याच्या हप्त्याच्या. त्यात ड्रायव्हर गाडीबरोबर उभा असतो, गाडीसारखाच.

आधी थोडं घाटाचं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २५ टनांची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली उतरली तर साधारण साडेचोवीस मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नळाचं ७०-८० लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते तेवढी. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलवर सोडली तर सगळं ओझं ब्रेकच्या ड्रमांवर. ड्रम तापले की लायनरची पकड सुटते. त्यात इंजिनच बंद असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. टाकीत होती तेवढी हवा चार-सहा वेळा पॅडल दाबलं की संपत येते. म्हणजे ‘ब्रेक फेल नव्हते’ आणि ‘ब्रेक लागले नाहीत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

आमच्या दोन जिल्ह्यांत असे उतार भरपूर आहेत. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली. १० एप्रिल २०१८ ला पहाटे खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या ‘एस’ वळणावर मजुरांना घेऊन शिरवळकडे निघालेली मालवाहू गाडी उलटली आणि १८ मजूर गेले. विजापूर भागातली माणसं, कामाला निघालेली. माल वाहायच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा नियम सगळ्यांना पाठ होता.

(सातारा आणि सांगली असं जोडनाव घेतोय त्याचं कारण : हे एकाच अंगाचे दोन हात आहेत. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आता एमएच ११ सातारा, एमएच १० सांगली, एमएच ५० कराड. पण हळद, द्राक्षं, साखर आणि गूळ ज्या रस्त्याने जातात तो रस्ता एकच.)

आता कायदा. १९१४ मध्ये देशात पहिला मोटार कायदा आला. १९३९ च्या कायद्याने माल आणि प्रवासी वाहणाऱ्या गाड्यांना तंदुरुस्तीचा दाखला सक्तीचा केला, ज्याला आपण अजून ‘पासिंग’ म्हणतो. आज चालू आहे तो १९८८ चा कायदा. त्याचं कलम १९० मी तीन-चारदा वाचलं. ते म्हणतं की गाडीत असा दोष असेल, जो माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, आणि तरी ती रस्त्यावर आणली, तर चालवणारा गुन्हेगार. आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही गुन्हेगार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,५०० रुपये. अपघातात कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

वाचायला बरोबर वाटतं. मालकही सापडतो, ड्रायव्हरही सापडतो. पण रस्त्यावर पोलीस हात करतो तेव्हा केबिनमध्ये कोण असतं? आणि मुख्य म्हणजे, हे कलम ड्रायव्हरला सांगतं की दोष असलेली गाडी चालवू नकोस. चालवायला नकार दिला म्हणून त्याला कामावरून काढलं तर काय, यावर ते गप्प आहे. कर्तव्य दिलं, पण ते पार पाडायला लागणारं संरक्षण दिलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर जबाबदारी असाइन केली, परमिशन दिलीच नाही.

मालकाच्या बाबतीत न्यायालयांनी निदान भरपाईपुरतं तरी स्पष्ट सांगितलंय. मुंबईतल्या एका लॉरीच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं की ‘यंत्रात बिघाड झाला’ एवढं म्हणून मालकाला सुटता येणार नाही. तो बिघाड दडलेला होता, आणि योग्य ती सगळी काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे ‘ब्रेक फेल’ हा बचाव नाही, ती सुरुवात आहे. पण हे सगळं अपघात झाल्यानंतरचं. नकार अपघाताच्या आधीचा असतो, आणि जो अपघात झालाच नाही त्याची फाइल कुठेच नसते.

माझे एक मामा बावीस वर्षं ट्रकवर होते. मिरजेहून मुंबई, मुंबईहून परत, मधे केव्हातरी बंगळुरू. आता गावात असतात. मी त्यांना सरळ विचारलं, “मामा, तुम्ही कधी गाडी न्यायला नाही म्हणालात का?”

“म्हणलो की. लय वेळा.”

“मग शेठ काय म्हणायचे?”

“शेठला कशाला सांगतोय? त्याला सांगायचं, पोराला ताप आलाय. नायतर सासरा गेला. माझा सासरा चारदा गेला.” आणि हसले. मग जरा वेळाने म्हणाले, “हवा धरत नाही असं सांगितलं की शेठ म्हणणार, काल तर धरत होती. वर चार माणसांत म्हणणार, ह्याला घाट उतरायची भीती वाटती. तसलं नाव झालं की मग दुसरा मालक पण बसवत नाही.”

“आणि तुम्ही नाही नेली तर ती गाडी उभी राहायची?”

“उभी कशाला राहील? दुसरा बसायचा. नवं पोरगं असायचं. किन्नरचा ड्रायव्हर झालेलं.”

मी हे दोनदा ऐकलं, फोनवर रेकॉर्ड केलं होतं म्हणून. मला इतिहास हवा होता आणि तो असा मिळाला : चारदा मेलेला सासरा. नकार होता, खराखुरा होता, पण तो आजारपण म्हणून नोंदला गेला किंवा नोंदलाच गेला नाही. आणि गाडी तीच, घाट तोच, फक्त स्टिअरिंगवर अनुभवी माणसाऐवजी नवखा. म्हणजे अशा चोरट्या नकाराने रस्ता जास्त सुरक्षित होत नाही, उलट होतो. हा मामांचा दोष नाही. त्यांच्याकडे तेवढंच हत्यार होतं.

आता इथून एकदम अमेरिकेत जातो, कारण नेमकी हीच गोष्ट तिथे एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि त्यामुळे तिची तारीखवार नोंद शिल्लक आहे.

डेट्रॉइट शहराचा कचरा वाहणारी सिटी डिस्पोजल सिस्टिम्स नावाची कंपनी. जेम्स ब्राउन तिथला ट्रक ड्रायव्हर. मे १९७९ मधल्या एका शनिवारी त्याने पाहिलं की २४४ नंबरच्या ट्रकचे ब्रेक लागत नाहीयेत. तो ट्रक त्याच्याच गाडीवर येता येता राहिला. सोमवारी, १४ मे रोजी, ब्राउनची नेहमीची गाडी बिघडली. सुपरवायझरने सांगितलं, २४४ ने. ब्राउन म्हणाला, त्या गाडीच्या ब्रेकमध्ये गडबड आहे, नेणार नाही. वाद झाला, तो घरी गेला, त्याची नोकरी गेली. युनियनने त्याची तक्रार पुढे नेली नाही, म्हणून तो एकटाच राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे गेला.

प्रश्न मजेशीर होता. तिथला कायदा कामगारांच्या ‘एकत्रित’ कृतीला संरक्षण देतो. आणि ब्राउन तर एकटा होता. त्याने ना सभा घेतली, ना कुणाला बरोबर घेतलं, ना कराराचं नाव काढलं. पण युनियनच्या करारात एक कलम होतं : सुरक्षित नसलेली गाडी रस्त्यावर न्यायला कंपनी कामगाराला भाग पाडणार नाही. मार्च १९८४ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून मिळवलेला हक्क जेव्हा एक जण वापरतो, तेव्हा तो एकटा नसतो. तो करार ज्यांनी ज्यांनी केला ते सगळे त्या नकारात असतात. कलमाचं नाव घेतलं नाही तरी चालेल, सच्चेपणाने तोच हक्क सांगत होता ना, एवढं पुरे.

पाच विरुद्ध चार. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर ब्राउन हाही एक ‘भांडखोर ड्रायव्हर’ म्हणून विसरला गेला असता. दरम्यान १९८२ मध्ये तिथल्या संसदेने वेगळा कायदाच केला की असुरक्षित गाडी चालवायला नकार दिला म्हणून ड्रायव्हरला काढता येणार नाही. त्याने सगळं सुरळीत झालं असंही नाही. २००९ च्या जानेवारीत अल्फॉन्स मॅडिन नावाच्या ड्रायव्हरच्या ट्रेलरचे ब्रेक थंडीने गोठले आणि केबिनचा हीटर बंद पडला. काही तास मदतीची वाट पाहून, अंग बधिर व्हायला लागल्यावर, तो ट्रेलर सोडून नुसती पुढची गाडी घेऊन निघून गेला. त्याला काढलं. निकाल त्याच्या बाजूने लागायला २०१६ उजाडलं, तोही दोन विरुद्ध एक. विरोधी मत देणारे न्यायाधीश नील गोर्सच पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

मला या दोन गोष्टींत न्यायालयापेक्षा ते कराराचं कलम महत्त्वाचं वाटतं. ब्राउनकडे ते होतं म्हणून पुढचं सगळं झालं. मामांकडे करार कसला, नेमणुकीचं पत्रसुद्धा नव्हतं. पगार हातात, भत्ता खेपेवर. आणि बऱ्याच गाड्यांवर ठरलेलं डिझेल : एवढ्या किलोमीटरला एवढे लिटर, वाचेल ते ड्रायव्हरचं. उतारावर गाडी न्यूट्रलवर का सुटते याचं उत्तर मला या हिशोबात जास्त दिसतं, ड्रायव्हरच्या बेफिकिरीत कमी.

आपल्याकडे काहीच कायदा नव्हता असं नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी, सगळं त्यात लिहिलंय. पण तो लागू होतो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडची ट्रकवाहतूक प्रामुख्याने एक-दोन गाड्यांच्या मालकांची. एक मालक, एक ड्रायव्हर, एक किन्नर. कधी मालक स्वतःच ड्रायव्हर.

या दुसऱ्या प्रकाराचा सगळ्यात जवळचा नमुना ऊस हंगामात दिसतो. दिवाळीनंतर सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा. ट्रॅक्टर, मागे एक ट्रॉली, तिच्या मागे दुसरी. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, मागचा दिवा नसतो, ऊस बाजूला दोन-दोन फूट बाहेर आलेला. दर हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, फोटो येतात. इथे ‘नाही’ कुणी कुणाला म्हणायचं? ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, कारखान्याची उचल तोडणी टोळीला वाटून झालेली, आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा. एक दिवस गाडी उभी म्हणजे टोळी बसून, ऊस वाळतोय, हप्ता तसाच. ड्रायव्हर आणि मालक एकच माणूस असला की नकार बाहेर येतच नाही, आतल्या आत मिटतो.

नकाराला कागद मिळतो अशी आमच्याकडची एक जागा म्हणजे एसटी. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली बस धावली, तिच्यावर किसन राऊत ड्रायव्हर होते आणि लक्ष्मण केवटे कंडक्टर. तेव्हापासून एसटी ही सरकारी शिस्तीची वाहतूक. डेपो आहे, वर्कशॉप आहे, मेकॅनिक पगारावर आहे, युनियन आहे, आणि गाडीतला दोष ड्रायव्हर लिहून देऊ शकतो. खासगी ट्रकवाल्याला याचा हेवा वाटावा. पण जुलै २०२३ मधला गडचिरोलीचा तो व्हिडिओ आठवतोय? छप्पर एका बाजूने उखडून हवेत फडफडतंय आणि एसटी धावतेय. आम्ही सगळ्यांनी तो हसून फॉरवर्ड केला. दोष लिहायला वही असणं आणि लिहिलेला दोष दुरुस्त व्हायला सुटा भाग असणं, यात किती अंतर आहे ते त्या छपराने दाखवलं. तरी मी वहीच्या बाजूने आहे. माझ्या कामात टीममधला सगळ्यात नवा मुलगासुद्धा रिलीज थांबवू शकतो, फक्त कारण लिहावं लागतं. नव्याण्णव वेळा त्याचं कारण किरकोळ निघतं. पण नोंद राहते, आणि नंतर कुणी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. ब्रेकच्या बाबतीत तेवढी सोय असू नये?

उलट सोयी दुसऱ्या दिशेने झाल्या. जास्त माल भरू नये यासाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक आदेश दिले होते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादाच वाढवली : दोन एक्सलच्या ट्रकला १६.२ टनांवरून साडेअठरा, तीन एक्सलच्या ट्रकला २५ वरून साडेअठ्ठावीस. कारण देताना नवे टायर, नवे रस्ते, नवं तंत्रज्ञान असं सांगितलं गेलं, आणि नव्या गाड्यांपुरतं ते खरंही आहे. पण काल जे वजन ‘ओव्हरलोड’ म्हणून नाकारता आलं असतं, ते एका अधिसूचनेने कायदेशीर झालं. वरचं घाटाचं गणित परत करून बघा, साडेतीन टन वाढवून.

एवढ्या सगळ्यात एकदाच असं झालं की ड्रायव्हर, मालक नव्हे, स्वतःच्या मागणीसाठी देशभर थांबले. १ आणि २ जानेवारी २०२४. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात अपघातात मृत्यू झाल्यावर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली होती. ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं. महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि आपल्याला, स्क्रीनवर काम करणाऱ्यांना, दोन दिवसांत कळलं की आपलं गाव कुणाच्या पायांवर चालतं. २ जानेवारीच्या रात्री केंद्राने सांगितलं की वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम खरोखरच बाजूला ठेवलं गेलं.

तेव्हा सोशल मीडियावर बरंच लिहिलं गेलं की यांना पळून जायचा हक्क हवाय. मला तसं वाटत नाही. जमाव जमला की ड्रायव्हरचं काय होतं हे रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्याहून मोठं कारण मला कलम १९० मध्ये दिसतं. गाडी दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा, वेळ चौथ्याने ठरवलेली, आणि शिक्षा मात्र केबिनमध्ये बसलेल्याला. ‘नाही’ म्हणायची जागा आधी कुठेही दिली नसेल, तर शेवटी ती शिक्षेच्या दारात येऊन म्हटली जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा त्यातल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विरघळला. या संहितेत एक चांगली तरतूद आहे : कामाच्या जागी जिवाला तातडीचा धोका आहे अशी रास्त भीती कामगाराला वाटली तर तो ते मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या कानावर घालू शकतो, आणि मालकाला खात्री पटली तर त्याने लगेच उपाय करायचा. काम थांबवायचा हक्क असा शब्द त्यात नाही. तरी कानावर घालणं म्हणजे नोंद, आणि नोंद म्हणजे मामांच्या सासऱ्यापेक्षा बरंच काही.

ही बातमी मी मामांना फोन करून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती गाड्यांच्या मालकाला लागू?”

मी परत उघडून बघितलं. जुन्या कायद्यात आकडा पाच कामगारांचा होता. नव्या संहितेत मोटार वाहतुकीच्या धंद्याला तो दहाचा आहे. मामांच्या शेवटच्या मालकाच्या दोन गाड्या होत्या. दोन ड्रायव्हर, दोन किन्नर.